कोयत्यामागं एक

६ एप्रिल २०२१, मंगळवार

डेअरीवर आज पुन्हा तमाशा. ऊसतोड टोळीचा मुकादम राधाकिशन कॅनच्या रांगेपुढं उभा राहून ओरडायलाय — दूध घालणाऱ्या प्रत्येकाची टेस्ट झाली पाहिजे, चेअरमन गावाच्या जिवावर उठलाय! चेअरमन म्हणजे आमचे हे, बबनराव. हे तरी काय कमी? फॅटचं मशीन तसंच चालू सोडून बाहेर आले. "तुला गावाची काळजी कवापासून लागली बे? तुला माझी खुर्ची पायजे, सरळ सांग की." दोघांचे मास्क गळ्यात. बोलताना थुंकी एकमेकांच्या तोंडावर. वाटलं म्हणावं, आधी तुमची दोघांचीच करा.

पण मनातून मी ह्यांच्याच बाजूची आहे. राधाकिशनला टेस्टशी काही देणंघेणं नाही. त्याला सोसायटीची निवडणूक दिसायलीय. ती पुढं ढकललेली आहे, आज ना उद्या लागणारच. एक जरी पॉझिटिव्ह निघाला की गाव सील, डेअरी बंद, आन् चेअरमनच्या नावानं शिमगा. शेजारच्या गावात तेच झालं. तिघं निघाले, रस्त्यावर बांबू आडवे. दुधाची गाडी त्या शिवारात फिरकली नाही. बायांनी खवा आटवून आटवून हात भाजून घेतले, शेवटी दूध नाल्यात ओतलं.

आमच्या डोंगरावर दुधाशिवाय आहे काय? त्या मोठ्या दुष्काळात विहिरी गेल्या, पिकं गेली, छावणीत जगवून आणलेल्या गायींवर ही सोसायटी उभी राहिली. गेल्या साली पाऊस पडला तो असा की सोयाबीन जाग्यावर कुजलं. आन् एप्रिल आला की टँकर आहेच.

नर्सबाई सांगून गेल्या, गावात टेस्टचं शिबिर लावायचं तर सरपंचाचं पत्र लागतं. सरपंच मी. होऊन दोन महिने झाले नाहीत. पत्र देणार नाही म्हणजे नाही.

७ एप्रिल

टँकर आला नाही. हापशावर भांडणं. एकीनं दुसरीची घागर फोडली आन् दोघी निवाड्याला माझ्याकडं. म्हणलं, आधी मास्क लावा, मग एकमेकींचे केस उपटा.

८ एप्रिल

सत्यभामाचा फोन आला. माझी धाकटी बहीण. मी ह्या गावात आले, तिला पण इथंच दिली, माळावरच्या वस्तीवर आश्रुबाला. जमीन सगळी मुरमाड. दर साली दिवाळी झाली की दोघं राधाकिशनच्या टोळीत ऊस तोडायला. ह्या वेळी पोटुशी होती तरी गेली. मी लई भांडले होते तिच्याशी. ऐकेल ती कुणाची.

आता दिवस भरत आलेत. फोनवर आवाज बारीक. "आक्का, हंगाम संपला. चार दिवसांत निघतो. इथल्या डाक्टरनं सांगितलं, लेकरू आडवं हाय. बाळंतपण घरी करूच नका म्हणला."

 ह्याच्या आधी दोनदा तिचं उसाच्या फडातच गेलं. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना. दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी पुन्हा कामावर. हे लेकरू ठरलं तेव्हा पहिले तीन महिने तिनं मला सांगितलं पण नव्हतं, दृष्ट लागेल म्हणून.

ह्यांना सांगितलं. हे म्हणले, "येऊ दे की. आपली जीप हाय. बीडला नेऊ चांगल्या दवाखान्यात." असं बोलले की माणूस बरा वाटतो.

११ एप्रिल, रविवार

आज हसावं का रडावं कळंना.

राधाकिशनच्या टोळीची माणसं निघाली कारखान्यावरून. पाडव्यापर्यंत गावात. तर आज पारावर राधाकिशन काय म्हणतो — "माझी माणसं ठणठणीत हायेत. सहा महिने उनातानात राबून आलेत. त्यांच्या नाकात काड्या काहून घालायच्या?" आन् आमचे हे, ज्यांनी मंगळवारी टेस्टचं नाव काढणाऱ्याची आई-बहीण काढली, ते छाती पुढं काढून म्हणले, "बाहेरून आलेल्या प्रत्येकाची टेस्ट झालीच पायजे. गावाच्या जिवाशी खेळ चालायचा न्हाई."

तीच वाक्यं. फक्त तोंडं बदलली.

राधाकिशनचं पण खरं आहे एका अर्थी. त्याच्या टोळीत कोरोना निघाला अशी बोंब झाली तर पुढच्या हंगामाला कुठला कारखाना त्याची टोळी घेईल? आन् ह्यांचं पण खरं. टोळीवाल्यांची घरं माळावर, डेअरी गावात. माळावर काही निघालं तर माळ बंद करा म्हणता येतं. नाव राधाकिशनचं जातं, दूध चालू राहतं. दोघांचं खरं आहे. बाकी कुणाचं काय व्हायचं ते होवो.

आत्याबाई भाकरी थापता थापता म्हणल्या, "माझं लेकरू सकाळी एक बोलतं, संध्याकाळी एक. बापावर गेलंय." मामंजी पण पंधरा वर्षं सोसायटीत होते.

१३ एप्रिल, पाडवा

टोळी आली. वेशीवर पोरांनी बाभळीच्या काट्या लावलेल्या. पाडव्याच्या दिवशी! ट्रॅक्टर तिथूनच वळवून माळावरच्या शाळेत उतरवला सगळ्यांना. चुली, भांडी, कोंबड्या, लहान लेकरं, सगळं शाळेच्या पटांगणात. टेस्टचं काय ते ठरेपर्यंत कुणी गावात यायचं नाही.

पुरणपोळ्यांचं गाठोडं घेऊन गेले. पोलीस पाटील म्हणला, वैनी, लांबूनच. लांबूनच बघितलं. पाय सुजून खांबासारखे झालेत तिचे. चेहऱ्यावर मात्र तेज. पोटावर हात ठेवून हसत होती. मला ओरडून म्हणाली, "आक्का, लाथा लई मारायलंय." सगळ्या शाळेनं ऐकलं.

१४ एप्रिल

नर्सबाईंना फोन लावला. त्या म्हणल्या, "सरपंचताई, आधी रिपोर्टचं बघा. आता कुठलाच दवाखाना रिपोर्ट असल्याशिवाय बाळंतीण आत घेत नाही. लेकरू आडवं असेल तर ऐनवेळी धावपळ नको."

ह्यांना म्हणलं, उद्या जीप काढा, सत्यभामाची टेस्ट करून आणू. गाव बोलतंय तर बोलू दे.

तर म्हणले नाही.

"अगं, तालुक्याला नेली तरी कागदावर पत्ता गावाचाच पडतो. शिबिर शाळेत झालं तर माळ म्हणून लिहिता येतं, तालुक्याला माळ आन् गाव येगळं कळत न्हाई. पॉझिटिव्ह निघाली तर गावाचं नाव यादीत. आन् उद्या राधाकिशन बोंबलणार, चेअरमनच्या मेव्हणीला येगळा न्याय."

"मग काय करू? तिला शाळेतच बाळंत होऊ देऊ?"

"मी असं म्हणलो का? सगळ्यांची होईल तवा तिची होईल. राधाकिशनला आधी नमू दे."

म्हणजे माझ्या बहिणीच्या पोटातलं लेकरू ह्यांच्या आन् राधाकिशनच्या मधल्या दोरीवर. कोण जास्त ओढतो बघू. जेवले नाही रात्री. ह्यांनी विचारलं पण नाही.

१५ एप्रिल

आजपासून कडक बंद. दुधाला सूट आहे, नशीब. हे दिवसभर फोनवर. आमदाराच्या माणसाला सांगितलं, तहसीलला सांगितलं. राधाकिशननं दुसऱ्या पक्षाच्या माणसाला सांगितलं. दोन्हीकडून नर्सबाईला फोन. एक म्हणतो टेस्ट कर, दुसरा म्हणतो केलीस तर बघ. त्या बाईनं शेवटी फोनच बंद करून ठेवला.

१६ एप्रिल, शुक्रवार



आज ग्रामपंचायतीत बैठक. अंतर ठेवून बसा म्हणलं तर सगळे खांद्याला खांदा लावून. हे एका कोपऱ्यात, राधाकिशन दुसऱ्या. हे म्हणले, सगळ्यांची. तो म्हणला, एकाचीही नाही. "माझ्या माणसाला कुणी हात लावला तर रस्त्यावर बसतो." ह्यांनी बाह्या वर केल्या. ग्रामसेवक म्हणले, किट पण पुरे नाहीत, जेवढी माणसं त्याच्या निम्मे सुद्धा मुश्किलीनं. हे त्यांच्यावर धावले, राधाकिशन पण त्यांच्यावर धावला. तेवढ्यापुरतं एकमत झालं दोघांचं.

मी उभी राहिले. सरपंच झाल्यापासून बैठकीत मी कधी उभी राहिले नव्हते. खुर्चीत बसायचं, हे बोलतील त्याला मान हलवायची. पण डोळ्यापुढं सत्यभामाचे ते पाय. म्हणलं — "राधाकिशनभाऊ, तुमचा हिशेब कसा असतो? माणसं मोजता का कोयते?"

"कोयते."

"मग तसंच करा. कोयत्यामागं एक टेस्ट. किट बी पुरतील. सगळी टोळी झाली असं चेअरमनला बी म्हणता येईल. आन् तुम्हाला बी म्हणता येईल, की मी निम्म्यांवर आणलं."

 राधाकिशन मला वरखाली बघायला लागला. आमच्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, कारखाना मोजतो तो कोयता. माझ्या आईबापाचा पण एकच होता. आई आजारी पडली तेव्हा मुकादम म्हणला होता, तुझा कोयता अर्धा झाला.

राधाकिशन म्हणला, "वैनी बोलल्या ते बराबर हाय." आन् ह्यांनी मान हलवली. ह्यांनी! माझ्या बोलण्यावर!

पत्रावर सही केली, शिक्का मारला. घरी आल्यावर ह्यांनी स्वतः चहा केला. पानचट होता, पण प्याले. म्हणले, "तुला राजकारण जमायलंय." मी मनात म्हणलं, राजकारण गेलं चुलीत, माझ्या सत्यभामाचं काम झालं.

१८ एप्रिल, रविवार

शिबिर झालं. सगळे निगेटिव्ह. सगळे!

शाळेच्या ओसरीवर टेबल. नर्सबाई त्या प्लास्टिकच्या कोटात घामानं निथळायलेल्या. राधाकिशन एकेकाचं नाव पुकारायचा तसे गडी रांगेनं येऊन बसायचे. नाकात काडी घातली की भलेभले वाघ मांजरासारखे शिंकायचे. लेकरं हसून हसून लोळत होती. बाया लिंबाखाली बसलेल्या, कुणी डोकं विंचरतंय, कुणी तांदूळ निवडतंय.

मध्येच नर्सबाईंनी मला विचारलं, "सरपंचताई, बायकांचं काय?" राधाकिशन पटकन म्हणला, "ठरलंय ना, कोयत्यामागं एक." त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. ठरलं होतं तसंच चाललं होतं की.

सत्यभामा पण म्हणाली, "आक्का, माझी?" म्हणलं, आश्रुबाची झाली ना, तुमची झाली. उन्हात कशाला येतीस, बस सावलीत. बसली.

आश्रुबाच्या हातात शिक्क्याचा कागद आला. त्यानं तो आधी कपाळाला लावला. मी तिच्या फायलीत घातला, सोनोग्राफीच्या कागदाच्या वर. म्हणलं, हा जपून ठेवा, दवाखान्यात पहिल्यांदा हाच मागतात.

काट्या निघाल्या. राधाकिशननं हलगी आणली. हे पण मागं राहिले नाहीत, डेअरीवर सगळ्यांना मठ्ठा. दोघं आपापल्या माणसांना सांगायलेत, बघा, मी म्हणलो तसंच झालं.

१९ एप्रिल

सत्यभामाला घरी आणलंय. दिवस भरेपर्यंत इथंच. आत्याबाईंनी कोमट तेलानं पाय चोळून दिले तिचे. हे पण दारातून म्हणले, "काय गं, भाचा देतीस का भाची?" ती लाजून पदरात तोंड घालून बसली. निगेटिव्ह कागदाची केवढी जादू! चार दिवसांमागं हाच माणूस तिला जीपमध्ये बसवायला तयार नव्हता.

रात्री दोघी अंगणात निजलो. तिनं माझा हात ओढून पोटावर ठेवला. लेकरू आतून असं सरकलं की मी हात काढून घेतला. म्हणाली, "आक्का, हे जगलं तर मी पुन्हा न्हाई जाणार तोडीला. आश्रुबाला सांगितलंय. तुमच्या डेअरीतून एक गाय घेऊन दे मला." म्हणलं दोन घेऊ. किती वर्षांनी अशा निजलो दोघी.

२१ एप्रिल

तिला करमत नाही. बसून खायची सवय नाही. सकाळी उठून माझ्या आधी शेण काढलं. दोघी भांडलो. मग दोघी हसलो.

२२ एप्रिल, गुरुवार

पहाटेपासून कळा. जीप निघतेय. फाईल घेतली.

२३ एप्रिल

काल काय झालं ते लिहिते. लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

जीपमध्ये आश्रुबा पुढं ड्रायव्हरशेजारी, मी मागं, तिचं डोकं माझ्या मांडीवर. मांजरसुंब्याच्या चौकात पोलिसांनी अडवलं. आश्रुबानं कागद दाखवला. पोलिसानं बघितला न बघितला, दांडकं वर करून सोडलं. मला केवढं बरं वाटलं. म्हणलं, बघ सत्यभामा, कागद कसा कामाला येतो.

बीडला दवाखान्याच्या दाराला साखळी. शेजारी खिडकी, प्लास्टिकच्या मागं एक माणूस. "रिपोर्ट?" आश्रुबानं दिला. त्यानं वाचला. "आश्रुबा कोण?"

"म्या."

"पेशंटचा कुठाय?"

आश्रुबाला कळंना. मला पण कळंना, खरं सांगते. मी म्हणलं, हाच की. तो म्हणला, "बाई, ह्याच्यावर पुरुषाचं नाव आहे. बाळंतपण ह्यांचं करायचंय का?" मागचे दोघं हसले.

आश्रुबानं हात जोडले. "साहेब, आमचा एकच कोयता हाय. कोयत्याची टेस्ट झालीय."

तो माणूस माझ्याकडं बघायला लागला. "काय म्हणायलेत हे?"

मी सरपंच. मी बारावी शिकलेली. बैठकीत उभी राहून बोलणारी. आन् मला तिथं, त्या खिडकीपाशी कळलं. रोग नवऱ्याला झाला तर नवऱ्याला, बायकोला झाला तर बायकोला. त्याला कुठं कोयता कळतो? एवढं साधं! आन् मी ते अख्ख्या बैठकीला पटवून दिलं. तिनं स्वतः विचारलं होतं, माझी? मी तिला सावलीत बसवलं.

त्यांच्याकडचे किट संपलेले. म्हणले, सरकारी केंद्रावर टेस्ट करून या, कागद आणा, लगेच घेतो. तिकडं रांग फाटकाच्या बाहेर, उन्हात. आश्रुबा एकेकाच्या पाया पडत पुढं गेला, कुणी जाऊ दिलं, कुणी शिव्या दिल्या. मी जीपमध्ये तिला धरून. ओरडत होती तोपर्यंत मला धीर होता. मग ओरडणं थांबलं. नुसती माझी बांगडी धरून ठेवलेली.

आश्रुबाला रांगेतच ठेवलं. पहिल्या दवाखान्यात परत न्या म्हणलं ड्रायव्हरला. उतरून साखळीपाशी उभी राहून बोंब मारली. लाज, सरपंचपद, सगळं सोडून बोंब मारली. आतून एक डॉक्टरीण आली. जीपमध्ये वाकून बघितलं. खिडकीतल्या माणसावर ओरडली, "रिपोर्ट काय बघता, बाई चाललीय!" साखळी काढली. स्ट्रेचर आलं.

एवढंच करायचं होतं. साखळी काढायला किती वेळ लागला? काहीच नाही.

सत्यभामा वाचली. लेकरू नाही. मुलगी होती. केस लई होते.

आश्रुबा दवाखान्याच्या दारातून हलायला तयार नाही. लेकरू मीच घेऊन आले जीपमध्ये. सगळ्या वाटेनं तोंडावरचं फडकं सरळ करत होते, ऊन लागेल म्हणून.

२४ एप्रिल

काल माळावर पुरलं. खड्डा ह्यांनी खणला. कुणाला हात लावू दिला नाही. घाम गळत होता का डोळे, कळत नव्हतं. दुसऱ्याच्या हातून फावडं घ्यायचं नाव नाही.

आन् तोच माणूस आज संध्याकाळी आमच्या ओसरीवर, राधाकिशनच्या शेजारी. एका बाजेवर दोघं! गावानं हे कधी बघितलं नसेल. तहसीलमधून फोन आलता, गावात बाळंतिणीचं काय झालं म्हणून. दोघांचं ठरलं — लेकरू पोटातच गेलतं. दवाखान्यात नेण्याआधीच. टेस्टचा काही संबंध नाही.

राधाकिशन म्हणला, "आन् कुणी इचारलंच, तर चूक नर्सबाईची. तिला कळायला पायजे होतं, बायकांची बी करायची म्हणून."

मी आतून बाहेर आले. म्हणलं, तिनं विचारलं होतं. मान मी हलवली होती. आन् लेकरू घरून निघताना जित्तं होतं, बीडच्या रस्त्यावर गेलं, माझ्या मांडीजवळ.

 राधाकिशन जमिनीकडं बघत होता. हे म्हणले, "अंजना, तू आत जा. तुझं डोकं ठिकाणावर न्हाई."

आत्याबाईंनी आतून कडी वाजवली. म्हणल्या, "तिचं ठिकाणावर हाय. तुमचं दोघांचं कुठंय ते बघा."

२५ एप्रिल, रविवार

बीडला. तिला दारातून बघितलं. छातीला फडकं घट्ट बांधलेलं, दूध यायलंय म्हणून. माझ्याकडं बघून रडली नाही. म्हणाली, "आक्का, मी म्हणलं होतं न्हाई का तुला? माझी?"

"म्हणली होतीस."

"मग?"

एवढंच. रागानं म्हणाली असती तर पायावर डोकं ठेवलं असतं. तिनं नुसतं विचारलं, खरंच कळत नसल्यासारखं.  

बायकांच्या वॉर्डात आश्रुबाला राहू देत नाहीत. सोबत बाईमाणूसच पाहिजे, आन् तिची टेस्ट झालेली पाहिजे. उद्या सकाळी सरकारी केंद्रावर माझी करणार. सत्यभामाची दाखल केल्या दिवशीच घेऊन लॅबला धाडलीय, ती पण उद्याच कळेल. ह्यांना फोन करून सांगितलं. म्हणले, बरं. राहा तिच्याजवळ.

२६ एप्रिल

सत्यभामा निगेटिव्ह.

मी पॉझिटिव्ह. बीडला येईपर्यंत गावाबाहेर न पडलेली मी.

टेबलावरच्या मुलीनं पत्ता विचारला. ह्यांना लगेच फोन लावला, घरातल्यांना सांभाळा म्हणायला.  हळू आवाजात म्हणले, "माहेरचा पत्ता दे. आपल्या गावाचा देऊ नको. अंजना, हात जोडतो, उद्या दुधाची गाडी येणार न्हाई."

फोन तसाच चालू ठेवला. त्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं आमच्या गावाचं नाव सांगितलं. मुलीनं विचारलं, काम काय करता? म्हणलं, सरपंच आहे, तेही लिहा.